खडूसकाका हसले त्या दिवशी

मास्तरांना नट व्हायचं नव्हतं. नट या जमातीबद्दल त्यांचं मतच मुळी बरं नव्हतं. "खोटं खोटं जेवणाऱ्या माणसाला खरं वाढायचं कसं?" असं ते म्हणत आणि बोलता बोलता टेबलावरचा वाकडा चमचा सरळ करून पुढे जात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते एका मोठ्या प्रवासी जहाजावर हेडवेटर होते. आईबाप, पोरंबाळं, आजी-आजोबा, जमल्यास एखादी आत्या किंवा मावशी, असं अख्खं कुटुंब आठवडाभर समुद्रावर हिंडवून आणणारं ते जहाज, आणि त्यातलं सगळ्यात मोठं जेवणघर मास्तरांच्या हाताखाली. रोज वाढायला सुरुवात करण्याआधी ते सगळ्या वेटरांना भिंतीशी ओळीने उभं करत आणि एकेकाची नखं बघत. म्हणून 'मास्तर'. पाठीमागे पडलेलं हे नाव हळूहळू तोंडावर आलं आणि त्यांनीही ते चालवून घेतलं.

शिस्त त्यांच्या अंगात लहानपणीच मुरली. भावंडांत ते थोरले. आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात जायची, वडील ट्रकवर, त्यामुळे दुपारचं वाढायचं काम थोरल्याकडे. स्वयंपाकघर एवढंसं, की दोघं बसली तर तिसऱ्याने उभ्यानेच जेवावं. अशा जागेत भुकेली पोरं आणि मधोमध उकळतं पातेलं धरलेला एक मुलगा. एकदा सगळ्यात लहान बहीण रांगत रांगत त्याच्या पायात आली. त्याने पातेलं स्वतःच्या अंगाकडे कलंडवलं. डाव्या मनगटावरचा डाग पुढे कायम शर्टाच्या बाहीखाली राहिला आणि एक नियम तोंडी बसला: हातात गरम भांडं असलं की वाट मोकळी पाहिजे. मग समोर कोणी का असेना. पुढे हॉटेलात बशा उचलण्यापासून सुरुवात करून ते वेटर झाले आणि तिथून जहाजावर आले, तेव्हा हा नियम दुपटीने खरा ठरला. जहाजावर जमीनही हलते.

तर अशा या माणसाच्या जेवणघरात एक दिवस अस्वल आलं.

झालं होतं असं, की कंपनीने लहान मुलांचं एक गाजलेलं पुस्तक जहाजावर आणायचं ठरवलं. पुस्तकात घोरोबा नावाचं अस्वल आहे. ते रोज खडूसकाकांच्या खानावळीत जेवायला येतं आणि ताट येईपर्यंत झोपी जातं. कधी वाडग्यात तोंड घालून, कधी शेजाऱ्याच्या खांद्यावर. खडूसकाका आरडाओरडा करतात, अस्वल घोरत राहतं, आणि शेवटी उपाशीच घरी जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एवढीच गोष्ट, पण पोरांना ती तोंडपाठ. मग काय, मास्तरांच्या जेवणघराला लाकडी तुळया लागल्या, मडक्यांच्या आकाराचे दिवे लोंबू लागले, सूपला 'जांभईचं सूप' म्हणायची वेळ आली. दुपारच्या जेवणाला घोरोबा टेबलांमधून डुलत फिरणार आणि त्याच्यामागे खडूसकाका ओरडत जाणार. खडूसकाकांसाठी कंपनीने एक नट पाठवला. त्याला चिकटवायच्या मिशा होत्या, पोटाला बांधायची उशी होती आणि तो हात वर करून एवढ्या मोठ्याने ओरडायचा, की पोरं त्याच्याकडे एकदा बघून परत बटाट्यांकडे वळायची.

तिसऱ्याच फेरीत समुद्र जरा खवळला आणि नटाला बोट लागली. नुसती मळमळ नव्हे. बिचारा जो आडवा झाला, तो पुढच्या बंदरात उतरूनच उभा राहिला.

त्या दुपारी खानावळ खडूसकाकांवाचून चालली होती. मास्तरांच्या हातात सूपचं मोठं भांडं होतं आणि ते नेहमीप्रमाणे मधल्या वाटेने निघाले होते. समोर एका पोराच्या पिशवीचा पट्टा आडवा पसरलेला आणि पोरगा खुर्चीवर उभा राहून अस्वलाला हाका मारतोय.

"वाटेत काय पडलंय हे?" मास्तर गरजले. "पिशवी जेवायला बसणार आहे का? मग तिला वेगळी खुर्ची मांडू! आणि तू रे, खुर्चीवर पाय ठेवून उभा आहेस, डोक्यावर बसतोस वाटतं घरी? खाली! नॅपकिन मांडीवर! गळ्यात नव्हे, मांडीवर! मांडी कुठे असते माहीत आहे ना?"

त्या पोराने मांडी शोधून तिच्यावर नॅपकिन पसरला आणि त्याच्या टेबलावरची सगळी माणसं खो-खो हसू लागली. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी उठून म्हणाली, "खडूसकाका, मला पण! माझा पण नॅपकिन खाली पडलाय!" आणि तिने मास्तरांच्या देखत तो खाली टाकला.

मास्तरांना वाटलं, लोकांना ऊन लागलं असावं.

खांबाशी करमणूकबाई उभी होती. जहाजावरचे सगळे खेळ, नाच, गाणी जिच्याकडे, ती ही. वय मास्तरांच्या मुलीएवढं, पण पायाला भिंगरी आणि जिभेला धार. जेवणं आटोपल्यावर ती थेट मास्तरांपुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, उद्यापासून खडूसकाका तुम्ही."

"बाई, मी नट नाही."

"नट नकोच आहे मला. नट बघितला आपण, आत झोपलाय तो बादली घेऊन."

"मला मिशा लावायच्या नाहीत."

"नका लावू."

"पोटाला उशी बांधायची नाही. पाठ केलेलं बोलायचं नाही. आणि खेळ चालला म्हणून वाढणं थांबणार नाही. सूप गरम निघतं, ते गरमच टेबलावर गेलं पाहिजे."

"मान्य."

"आणि ते अस्वल. गरम भांडं आलं की त्याने बाजूला व्हायचं."

"ते मात्र तुमचं तुम्ही अस्वलाशी बोला," करमणूकबाई म्हणाली आणि हसत निघून गेली.

अस्वलाच्या आत एक बाई होती. पूर्वी सर्कशीत झोक्यांवर कसरती करायची. दोन मुलांची आई, अंगाने काटक आणि मनाने निर्धास्त. जहाजावर तिला सगळे अस्वलीण म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. मास्तर तिला भेटायला गेले तेव्हा ती घोरोबाचं मुंडकं मांडीवर घेऊन त्याच्या कानाला टाके घालत होती.

"गरम भांडं आलं की बाजूला व्हायचं," मास्तरांनी सुरुवात केली.

"होईन की. पण दिसलं तर," अस्वलीण म्हणाली. "हे बघा, अस्वलाच्या तोंडात ही जाळी आहे. एवढ्यातूनच बघायचं. समोरचं कसंबसं दिसतं, खालचं काहीच नाही. परवा एका आजोबांच्या पायावर पाय दिला. ते बिचारे हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आतून बोलायला बंदी, नाहीतर वाट तरी विचारली असती."

मास्तरांनी मुंडकं उचलून स्वतःच्या डोक्यात घातलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग काढून ठेवलं आणि म्हणाले, "तू चालत राहा. मी ओरडतो."

आणि तिथून या जोडीचं गणित जमलं. मास्तर अस्वलामागून चालत आणि तोंडाचा पट्टा सोडत. "अरे झोपाळू, डावीकडे वळ, डावीकडे! समोर लेकुरवाळी बसली आहे, तिच्या मांडीत बसतोस का?" अस्वल डावीकडे वळे. "आता पायरी आहे, पायरी! उचल तो पाय! ओंडका आहे की पाय?" अस्वल पाय उचले. "थांब तिथेच! सूप चाललंय, दिसत नाही? डोळे गहाण टाकलेस का?" अस्वल जागच्या जागी थांबे आणि उभ्या उभ्या घोरू लागे. पोरं हसून हसून टेबलाखाली जात. त्यांना वाटे, काका शिव्या देतायत. काका खरं तर तिला रस्ता दाखवत होते.

महिन्याभरात अशी परिस्थिती आली, की पोरं रागावून घ्यायला नंबर लावू लागली. मुद्दाम कोपर टेबलावर ठेवायची, मुद्दाम सूप सुरकन ओढायची आणि वाट बघत बसायची. मास्तर कोणाला निराश करत नसत, कारण त्यांना खरोखरच राग येत असे. एकदा एक निवृत्त हेडमास्तर सुनेकडून निरोप पाठवून म्हणाले, "जन्मभर मी दुसऱ्यांना रागावलो, मला कोणी रागावलंच नाही. तेवढं बघा." मास्तरांनी जाऊन त्यांच्या ताटात उरलेल्या गाजरांवरून असं काही झापलं, की हेडमास्तरांनी डोळे पुसत सगळी गाजरं संपवली.

घरी फोन केला तेव्हा मास्तरांची बायको म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून मी तुम्हाला खडूस म्हणतेय. मला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत."

"तू फुकट बघत होतीस."

"फुकट? तुमची उष्टी-खरकटी कोण काढत होतं?"

मास्तर मनातून खूश होते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण नखं तपासताना आता मधेच एखादं गाणं गुणगुणत, आणि वेटर एकमेकांकडे बघत.

अशातच एका फेरीला ती मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची, चाकांच्या खुर्चीत बसलेली. जन्मापासून पायांत बळ नव्हतं, पण हातांत मात्र दोघींचं होतं. खुर्ची जागच्या जागी गरगर फिरवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. सोबत आत्या होती, धिप्पाड आणि खणखणीत आवाजाची. पहिल्या दुपारी भिंगरी जेवणघरात आली आणि तिने आपली खुर्ची नेमकी मधल्या वाटेत उभी केली.

मास्तर सूपचं भांडं घेऊन निघाले होते. समोर आडवी खुर्ची बघून "वाटेत कोण..." एवढं तोंडातून निघालं, आणि मग त्यांची नजर तिच्या पायांवर गेली. आवाज एकदम खाली आला. "असू दे हं, बाळ. बस आरामात." असं म्हणून ते दोन टेबलांना वळसा घालून गेले. भांडं जड होतं, वळसा अडचणीचा होता, पण त्यांनी घातला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा वाटेत. मास्तर पुन्हा वळसा घालून गेले आणि जाता जाता तिला एक जास्तीचा आइस्क्रीमचा गोळा पाठवून दिला. तिच्या दोन्ही बाजूंच्या पोरांना त्या दिवशी सडकून बोलणी बसली होती. तिसऱ्या दिवशी तिने खुर्ची वाटेत घातलीच, वर नॅपकिन डोक्यावर बांधला आणि दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. मास्तर तिच्या जवळ आले, मान कलती करून म्हणाले, "वा, छान दिसतंय हो!" आणि गेले.

त्याच संध्याकाळी मॅनेजरने मास्तरांना बोलावून घेतलं. प्रवाशांच्या राहण्या-जेवण्याचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. माणूस वाईट नव्हता, पण तक्रार म्हटलं की तो आधी हुकूम काढून मोकळा व्हायचा.

"मास्तर, तक्रार आली आहे. एका मुलीच्या आत्याने काउंटरवर येऊन सांगितलं. खडूसकाकांच्या वागण्याने मुलीचं मन दुखावलं. पोरगी काल रात्री जेवली नाही म्हणे."

मास्तरांचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत त्यांच्याविरुद्ध कधी तक्रार नव्हती. "कोण मुलगी?"

"काउंटरवरच्या पोरीने नाव विचारलंच नाही. आत्याचा आवाज ऐकूनच तिची गाळण उडाली. ते जाऊ दे. उद्यापासून रागावणं बंद. हसतमुख राहायचं. खडूसकाका, पण गोड."

"गोड खडूसकाका म्हणजे काय?"

"ते तुम्ही बघा. हसा म्हणजे झालं."

हुकूम तो हुकूम. मास्तरांनी खोलीत जाऊन आरशापुढे हसून पाहिलं. त्यांचं तोंड या कामाला सरावलेलं नव्हतं. ओठ बाजूला जात, पण डोळे भुवयांखाली तसेच राहत. एकंदरीत दाढ दुखणाऱ्या माणसासारखं काहीतरी दिसे. तरी तेच घेऊन ते दुसऱ्या दुपारी जेवणघरात शिरले.

पहिल्या टेबलावर एका पोराने मोठ्या आशेने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मास्तर त्याच्याकडे बघून हसले. पोराने पाय हळूच खाली घेतले आणि आईच्या जवळ सरकला. दुसऱ्या टेबलावर एका मुलीने सूप मोठ्याने ओढलं. मास्तर हसले. तिने चमचा खाली ठेवला. "आई, काकांना काय झालंय?" एक बारकं पोर तर रडायलाच लागलं. ज्या माणसाच्या ओरडण्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या हसण्याने त्यांची पाचावर धारण बसली.

आणि अस्वल? अस्वलीण तोंडातल्या जाळीतून बघत पुढे चालली होती आणि नेहमीच्या ओरडण्याची वाट बघत होती. मास्तर मागून गोड आवाजात म्हणत होते, "या हं, घोरोबा, सावकाश या." सावकाश म्हणजे डावीकडे की उजवीकडे? ती उजवीकडे वळली आणि केक-पुडिंगच्या गाडीवर जाऊन आदळली. गाडी कलंडली, पुडिंग भिंतीवर गेलं, अस्वल सपशेल जमिनीवर आणि त्याचं मुंडकं फिरून पाठीकडे. पाठीकडे तोंड असलेलं अस्वल बघून अख्ख्या जेवणघराचे चमचे थांबले.

तेवढ्यात त्या फिरलेल्या मुंडक्यातून आवाज आला, "घुर्रर्र... फुस्स."

अस्वलीण पडल्या जागी घोरत होती. पोरं हसली आणि वेळ निभावली. पण मास्तरांनी खाली वाकून तिचं मुंडकं सरळ केलं, तेव्हा जाळीआडून ती दबक्या आवाजात म्हणाली, "मास्तर, पाया पडते, शिव्या द्या. आंधळी झालेय मी."

जेवणं उरकली. मास्तर भिंतीवरचं पुडिंग पुसत होते, वेटरांना न सांगता स्वतःच. मागून चाकांचा आवाज आला आणि थांबला.

"खडूसकाका."

मास्तरांनी वळून हसायला सुरुवात केली.

"ते नको," भिंगरी म्हणाली. "ते फार भयंकर दिसतं."

मास्तरांचं तोंड जागेवर आलं.

"तुम्ही सगळ्यांना रागावता. माझ्या शेजारच्या मुलाला दोनदा रागावलात. त्याने कोपर ठेवलं होतं, मी दोन ठेवली होती. मी रोज मुद्दाम वाटेत खुर्ची लावते. रोज! तुम्ही आपले 'असू दे हं बाळ'." तिने त्यांची नक्कल इतकी हुबेहूब केली, की मास्तरांना कानकोंडं झालं. "मी काय बाळ आहे? शाळेत पण असंच. सगळ्यांना उभं राहा म्हणतात, मला 'असू दे'. म्हणून आत्या तिकडे सांगून आली, की काका हिला का रागावत नाहीत. आणि आज तुम्ही कोणालाच रागावला नाहीत! माझ्यामुळे सगळ्यांचं गेलं."

मास्तरांनी फडकं खांद्यावर टाकलं. त्यांना आपली बाजू मांडायची सवय होती आणि बहुतेक वेळा बाजू असायची. आज बाजू भिंगरीची होती.

"चूक माझी," ते म्हणाले.

"मग उद्या?"

"उद्या वाटेत उभी राहून बघ," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुना मालमसाला परत आलेला ऐकून भिंगरीने खुर्ची एकदा गरगर फिरवली आणि निघून गेली.

मास्तर तसेच मॅनेजरकडे गेले. "उद्यापासून मी हसणार नाही."

"आणि तक्रार?"

"तक्रार रागावल्याची नव्हती. न रागावल्याची होती."

मॅनेजरला हे पटेना. कोणती मुलगी ते विचारून घेऊन त्याने आत्याबाईंच्या खोलीत फोन लावला. त्याने फोन कानापासून वीतभर लांब धरला, त्यामुळे मास्तरांनाही सगळं ऐकू आलं: "मग मी काय वेगळं सांगितलं होतं? आमच्या पोरीला तो माणूस एक शब्द बोलत नाही! सगळ्यांची चंपी करतो, आमच्याच पोरीने काय घोडं मारलंय?"

मॅनेजरने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरी फोन केला आणि सगळी हकिगत बायकोला सांगितली. ती ऐकत होती. नेहमीसारखा टोला आला नाही, तेव्हा मास्तरांनीच विचारलं, "ऐकतेस ना?"

"ऐकतेय. तुमच्या धाकट्या भावाचं मनात आलं."

धाकटा भाऊ मास्तरांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. मागल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. तेव्हापासून मास्तर फोनवर त्याच्याशी कापसात गुंडाळून बोलत.

"त्याच्याशी पण तुम्ही असंच बोलता," बायको म्हणाली. "'आराम कर हं, राजा.' पूर्वी दोघं बोलायला लागलात की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. आता तुमचा फोन येऊन गेला, की तो भिंतीकडे तोंड करून पडतो. मी बघते ना. तुम्हाला कसं सांगावं, हेच कळत नव्हतं."

बायकोने जास्त ताणलं नाही.

दुसऱ्या दुपारी भिंगरी वेळेआधीच आली. खुर्ची बरोबर वाटेच्या मधोमध, कोपरं टेबलावर, नॅपकिन डोक्यावर. मास्तर भांडं घेऊन निघाले. तिच्यापुढे येऊन थांबले. आणि पंचाईत अशी, की शब्द जागेवर येईनात.

"वाटेतून... जरा सरकायला पाहिजे," ते म्हणाले.

"एवढंच?" भिंगरी म्हणाली.

या 'एवढंच'ने मास्तरांच्या तळपायाची आग खरोखरच मस्तकात गेली.

"एवढंच? हातात उकळतं सूप आहे आणि महाराणी मधोमध तंबू ठोकून बसल्यात! जहाज तुझ्या आत्याने विकत घेतलंय का? ही जेवायची वाट आहे, गाडी लावायची जागा नव्हे! कोपरं उचल! टेबल पळून चाललंय का, दोन्ही बाजूंनी दाबून धरलंस ते? आणि हे डोक्यावर काय आहे? डोकं जेवणार आहे का? चल, मागे! आणखी मागे! चाकं दिलीत ना, की शोभेची आहेत?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मास्तरांनी जीभ चावली. आसपासच्या टेबलांवरचे दोन-चार मोठे लोक अवघडून ताटात बघू लागले. पण भिंगरीचा चेहरा उजळला होता.

"तुमची भुवई पण शोभेचीच आहे!" ती ओरडली. "आणि सूप गार झालं बडबडीत!"

"गार? माझं सूप गार?"

"जांभईचं सूप आहे ना, ते पण झोपलं!"

पोरांनी टेबलं बडवली. आत्याबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की अस्वल खरोखरच दचकलं. भिंगरीने मग एका झटक्यात खुर्ची मागे घेतली, इतक्या सफाईने, की टेबलाच्या कडेला चाक घासलंही नाही. मास्तर सरळ वाटेने पुढे गेले. जाता जाता मागे न बघता अस्वलाला म्हणाले, "आणि तू काय बघतोस? उजवीकडे वळ! उजवीकडे, गाडीपासून लांब! काल पुडिंगमध्ये लोळून पोट भरलं नाही वाटतं?"

फेरी संपेपर्यंत रोज दोघांची जुगलबंदी झाली. एक दिवस भिंगरी जिंकली, असं अख्ख्या जेवणघराचं मत पडलं आणि मास्तरांनी ते मोठ्या नाराजीने मान्य केलं. आइस्क्रीमचा जास्तीचा गोळा मात्र तिला पुन्हा मिळाला नाही. तिने मागितला तेव्हा मास्तर म्हणाले, "इतरांना मिळतो का?" ती म्हणाली, "नाही." विषय तिथेच संपला. उतरायच्या दिवशी ती आणि आत्या सामानाच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. मास्तरांना निरोप घ्यायला जमलं नाही, कारण पुढच्या प्रवाशांची टेबलं लागायची होती.

कंपनीने नंतर मास्तरांना इतर जहाजांवरचे खडूसकाका तयार करायला सांगितलं. त्यांनी तीन जणांना शिकवून पाहिलं. दोघं चांगले नट निघाले म्हणून मास्तरांनी त्यांना परत पाठवलं. तिसरा एक चिडका, शिस्तीचा स्वयंपाकी होता. त्याला त्यांनी आनंदाने पास केलं. अस्वलीण अजून त्यांच्याच जहाजावर आहे. घोरोबाचं मुंडकं आता नवीन आलंय आणि जाळी मोठी आहे, पण ती म्हणते, मला मास्तरांच्या शिव्यांनीच जास्त दिसतं.

भिंगरी उतरली त्याच सकाळी, टेबलं लावून झाल्यावर आणि नवे प्रवासी यायच्या आत, मास्तरांनी भावाच्या घरी फोन लावला. मास्तरांची बायको त्याच्याकडे डबा घेऊन आलेली होती. तिने फोन भावाच्या कानाशी धरला.

"हाताचा व्यायाम केलास का आज?" मास्तरांनी विचारलं.

पलीकडून जड जिभेने उत्तर आलं, "करीन."

"करीन म्हणजे? डॉक्टरांनी काल सांगितलंय का? हात म्हणजे काय पाहुणा आहे, त्याच्या मर्जीने यायला-जायला? आळशी तू पहिल्यापासूनच. शाळेत असताना सायकल पुसायची पाळी आली की तुझं पोट दुखायचं!"

फोनमधून असा काही आवाज फुटला, की त्यांनी तो कानापासून लांब धरला.

"सायकल? तू... तू मला सायकलचं सांगतोस? विकली कोणी ती? मला न विचारता!"

"विकली कारण तू तिचं हँडल वाकवलं होतंस!"

"मी नाही! ते... ते आधीपासून वाकडं होतं! खोटारड्या!"

शब्द अडखळत होते, अर्धे तोंडातच विरघळत होते, पण एकामागून एक येत होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते. मग फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज झाला आणि बायको बोलू लागली.

"अहो, काय बोललात त्याला? लालबुंद झालाय नुसता."

"रडतोय का?"

"रडतोय कसला! डाव्या हाताने माझ्याकडून फोन ओढतोय. म्हणतो, अजून संपलं नाही माझं."

"दे त्याच्याकडे," मास्तर म्हणाले, आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसले.